बिननावाचं रडणं

मी भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून माझी नातवंडंसुद्धा म्हणतात, आजी, तू तेव्हा एकटी होतीस, ऊन लागलं असेल, मनाचे खेळ असतात ते. अरे, मनाचे खेळ खेळायला मला त्या दिवशी फुरसत कुठे होती? सकाळपासून देवदूतांच्या पंखांना कांजी लावत बसले होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते.

गोष्ट तलासरीची. पन्नास-साठच्या मधली, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. वसईकडून मी तिथल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवणाची बाई म्हणून गेले होते. घरात माझ्या लग्नावरून रोज कटकट चालायची, तिला कंटाळून मीच हट्टाने निघाले. पहिले काही महिने रडून काढले, मग रुळले. चारी बाजूंना पाडे, मधे ताडाची झाडं, आणि एक चर्च, शाळा, मुलींचं बोर्डिंग, फादरचा बंगला. समुद्र तिथून पायी अर्ध्या दिवसावर. वसईत जन्म काढलेल्या मला समुद्राचा वास नसलेली हवा सुरुवातीला बेचव लागायची.

ईस्टरच्या रविवारी तिथे नाटक व्हायचं. येशूला पकडण्यापासून पुनरुत्थानापर्यंत सगळं, शाळेच्या उघड्या मैदानात. दुपारचं ऊन जरा कललं की सुरू आणि दिवेलागणीच्या आत खलास, म्हणजे माणसं उजेडात आपापल्या पाड्यावर पोचतील. तिथे ख्रिस्ती मूठभर, पण बघायला अख्खा मुलूख लोटायचा, डहाणूकडून गाड्या जुंपून माणसं यायची. नाटक बसवायचे आमच्या शाळेचे मास्तर. येशूला धरून देणारा यहूदा ते स्वतःच व्हायचे, कारण फास लावून घेणाऱ्याचं काम दुसरं कुणी घेईना. मास्तर माणूस चांगले, पण नाटक अंगात आलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. माझं आणि त्यांचं रोज वाजायचं.

त्या वर्षी येशूचं काम मिशनची बैलगाडी हाकणाऱ्या पोराला दिलं होतं. वीस-बावीसचा, उंच, शिडशिडीत, बोलायचा जेमतेम. बैलांशी जेवढा बोलायचा तेवढाही माणसांशी नाही. घरात तो एकटाच ख्रिस्ती झालेला. त्याची आई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भात कांडायला यायची, पण चर्चची पायरी कधी चढली नाही. तिची मोठी सून माझ्याकडे शिवणाला मदतीला असायची. हात इतका साफ की मी माझं काम तिच्यावर टाकून खुशाल वर मान करून बसावं.

त्या घरात एक माणूस कमी होता. थोरला मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा. दीड वर्षापूर्वी तो वाढवणच्या एका होडीवर खलाशी म्हणून गेला होता. अचानक वारा उठला आणि होडी उलटली. बाकीचे कुणी पोहून आले, कुणी प्रेत होऊन किनाऱ्याला लागले. हा एकटा कुठेच लागला नाही. आई म्हणाली, दिसला नाही म्हणजे मेला नाही. ती रडली नाही. रोज संध्याकाळी त्याचं जेवण वाढून चुलीपाशी झाकून ठेवायची आणि सकाळी ते कोंबड्यांना घालायची. घरातलं कोणी त्याच्या जागेवर बसलं तर उठवायची.

आता त्यांच्या पाड्यावर मेलेल्यावर रडायची एक रीत होती. दुसरीकडे कुठे मी ती पाहिली नाही. माणूस गेला की आधी आईने रडायचं, आई नसेल तर घरातल्या थोरल्या बाईने. आणि रडताना त्याचं नाव घ्यायचं, मोठ्याने, चार माणसांना ऐकू जाईल असं. आई नाव घेऊन रडली की तो माणूस गेला. मग त्याचे दिवस करायचे, मग बायको मोकळी. बायकोने कितीही रडावं, ते धरत नसत. आणि नाव न घेता कुणी रडलं, तर ते रडणं मोकळं सुटतं आणि समोर जो कोणी आडवा पडला असेल त्याच्यावर जाऊन बसतं, असं त्या बायका म्हणायच्या. म्हणून आजारी माणसाच्या उशाशी तिथे कुणी डोळे पुसत नसे. मी हे ऐकून हसायचे. सून हसायची नाही.

तिचं सगळं त्यावरच अडलं होतं ना. सायवनकडचा एक जण तिला करून घ्यायला तयार होता, चांगला माणूस, बायको वारलेला. माहेरचे दोनदा येऊन गेले. सासूने दोन्ही वेळा त्यांना भात-मासळी जेवू घातली आणि सांगितलं, हिचा नवरा आहे, तो आला म्हणजे त्याला विचारा. पोरगी धड विधवा नाही, धड सवाष्ण नाही. एकदाच तिने मला खाली मान घालून विचारलं होतं, बाई, तुम्ही समुद्राकडच्या, समुद्रातनं माणूस किती दिवसांनी परत येतो? मी काय सांगणार, कपाळ? म्हटलं, टाका नीट घाल.

तर ईस्टरचा दिवस. चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली आणि मी शिवणाच्या खोलीत अडकले ती अडकलेच. एका देवदूताला झगा घट्ट झाला, दुसऱ्याचा पंख उंदराने कुरतडला. शिपायांची शिरस्त्राणं तुपाच्या डब्यांची केलेली, त्यांच्या कडा लागून पोरांचे कान कापले. बोरीच्या काट्यांचा मुकुट मास्तरांनी खऱ्या काट्यांचा आणवला होता, त्याचे आतले काटे मोडता मोडता माझी बोटं सोलवटली. मेला तो मुकुट. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते कफन.

आदल्या वर्षी येशूला क्रूसावरून काढून बोर्डिंगच्या चादरीत गुंडाळला होता. चादर पातळ, आतून त्याची खाकी चड्डी दिसली आणि सगळं मैदान खो-खो हसलं. फादर आठवडाभर मास्तरांशी बोलले नाहीत. म्हणून या वेळी जाड कापड हवं होतं. सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजाराला येणाऱ्या किनाऱ्यावरच्या एका बाईने होडीचं जुनं शीड आणून दिलं. मी ते सोडा घालून उकळलं, आपटलं, उन्हात वाळवलं. वास जाईना. त्या दिवशी उन्हाने खोली तापली तशी खोलीभर खाडीचा वास भरला. चिखल, मीठ, कुजलेली मासळी, सगळं.

शिडाच्या कडेला टाके घालायला मी ते सुनेच्या मांडीवर टाकलं. तिने हात लावला आणि सुई ठेवली. म्हणाली, ओलं आहे. मी हात लावून पाहिलं, पापडासारखं कडक. मला राग आला, म्हटलं आता तू पण नाटकं करणार का? ती त्या कापडाला परत शिवली नाही. मीच ते शिवलं. मग खांद्यावर टाकून मैदानात नेलं आणि खाली ठेवलं, तर माझं खांद्यावरचं पोलकं गार लागलं. चाचपलं तर चिंब. घाम असेल. वैशाखासारखं ऊन होतं, घाम नसेल तर काय असेल? पण घाम पाठीला येतो, काखेत येतो, एका खांद्यावर एवढाच चौकोन भिजत नाही.

कबर मैदानाच्या टोकाला केली होती. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर ताडाची झापं. दाराला गाडीचं जुनं चाक, त्याला गोणपाट लावून चुना फासलेला. ते चाक गडगडत बाजूला केलं की धोंडा लोटल्यासारखं दिसायचं. मागच्या बाजूला माणूस वाकून शिरेल एवढं भोक ठेवलं होतं, आत पडलेल्या पोराला पाणी द्यायला. दुपारी मी त्या भोकातून आत पेंढा पसरायला गेले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत गारवा. म्हटलं, बरं झालं, पोराला उकडणार नाही. पेंढा पसरताना माझ्या मागे कोणीतरी सावकाश श्वास घेतला. कुत्रं शिरलं असेल म्हणून मी हाड हाड केलं. कुत्रं नव्हतं. मी बाहेर आले आणि परत कामाला लागले, कारण तेवढ्यात मारिया झालेल्या मुलीला उलटी झाली होती.

आता रडण्याचं सांगते. क्रूसाखाली रडायला यरुशलेमच्या बायका हव्यात म्हणून मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका धरून आणल्या होत्या, त्यात ही आईसुद्धा. तालमीत त्या रडेनात. मास्तरांनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा एकीने आपल्या गेलेल्या सासऱ्याचं नाव घेऊन गळा काढला, आणि शिपाई झालेली पोरं हसून लोळली. मास्तर भडकले. त्यांनी हुकूम सोडला, रडायचं, पण कोणाचं नाव घ्यायचं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनेने मला गाठलं, मी मास्तरांना जाऊन रीत सांगितली. मास्तर म्हणाले, बाई, तो तेव्हा येशू असतो, त्याला काय होणार आहे? शेवटी बायकांनीच आपसात ठरवलं की तोंडावर पदर घेऊन नुसतं बसायचं, आवाज काढायचा नाही. लांबून कोणाला कळतंय?

नाटक सुरू झालं ते बरं चाललं होतं. पोरगा गुरुवारपासून पाण्यावर होता, फादर नको म्हणत असताना. क्रूस घेऊन चालताना त्याचे पाय खरेच लटपटत होते. त्याला दोरांनी वर बांधला तेव्हा मैदानातलं एक पोर रडायला लागलं, मग तेही गप्प झालं. क्रूसाखाली बायका पदर घेऊन दगडासारख्या बसल्या होत्या. त्याने मान टाकली. शिपायांनी त्याला उतरवला, मी शिवलेल्या त्या शिडात गुंडाळला, आणि चौघे त्याला खांद्यावर घेऊन बायकांच्या अगदी समोरून निघाले.

त्या वेळी वारा पडला होता. शिडाचा वास जसाच्या तसा तिथे थांबला असणार. मी बाजूला पंख धरून उभी होते, मलाही तो आला. आईने पदर खाली केला. तिने त्या बोचक्याकडे पाहिलं, पायाकडून डोक्याकडे. आणि ती रडली.

तसं रडणं मी आयुष्यात परत ऐकलं नाही, ऐकायचंही नाही. दीड वर्ष कोंडलेलं ते. पोटातून येत होतं, त्यात शब्द नव्हता. शेजारच्या बाईने तिच्या तोंडावर हात दाबला. तो हात तिने झटकला. बाकीच्या बायका उठून मागे सरकल्या, तिच्यापासून नाही, त्या मढ्यापासून. सुनेचा चेहरा कांजीच्या कपड्यासारखा पांढरा पडला होता. आणि पडद्याआड मास्तर, मघाशी फास लावून मेलेले, आनंदाने हात चोळत म्हणत होते, वा, वा, काय रडली बाई. मला वाटलं, एक ठेवून द्यावी.

कबरीत ठेवून चाक लावलं. मग पहाऱ्यावरच्या शिपायांचा फासे टाकण्याचा खेळ होता, जरा विनोदाचा, पण कोणी हसलं नाही. कावळेसुद्धा ओरडेनात. आई तिथेच जमिनीवर बसून डुलत होती. ऊन ताडांच्या मागे गेलं. घंटा वाजली, देवदूत पुढे झाले, चाक गडगडत बाजूला गेलं. येशूने हात वर करून बाहेर यायचं होतं. आला नाही. मास्तरांनी परत घंटा वाजवली. कबरीच्या दारात नुसता अंधार. देवदूतांतली धाकटी मुलगी मागे सरायला लागली. मास्तरांनी मला खूण केली तशी मी मागच्या भोकातून आत शिरले.

तो उताणा पडला होता. डोळे उघडे. मी दंडाला हात लावला आणि हात मागे घेतला. त्या उकाड्यात तो दंड विहिरीच्या काठासारखा गार होता. मी हळूच म्हटलं, अरे, ऊठ, सगळे थांबलेत. तो माझ्याकडे न बघता बोलला. आवाज त्याचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

"बाई, आई रडली माझ्यावर. आता मी कसा येऊ?"

मी त्याला हलवलं, दटावलं, देवाची शपथ घातली. तो उठेना. नाटकात नव्हता तो, मी शपथेवर सांगते. फादर नंतर म्हणाले, उपवास आणि ऊन, भोवळ येते माणसाला. असेल. दिवसाउजेडी मीही तेच म्हणते. पण पुढे कधीतरी त्या पोराने मला सांगितलं होतं की हातपाय त्याचे उचलतच नव्हते, आणि पाठीला कोणीतरी ओलं अंग लावून निजलं होतं. ते त्याने एकदाच सांगितलं. मी परत विचारलं नाही.

मी भोकातून बाहेर आले. सून तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, जा, सासूला सांग. म्हणून बसले मात्र. काय सांगायला पाठवत होते मी तिला? तिनेच जाऊन नवऱ्याचं मरण मागायचं होतं. तिच्याही मनात कुठेतरी तो अजून यायचाच होता ना, नाहीतर मला तसं विचारलं नसतं. तिने पदर खोचला. मग सगळ्या मैदानाच्या मधून, शिपायांना ओलांडून, सासूकडे गेली. लोकांना वाटलं हेही नाटकातलंच. सगळे श्वास रोखून बघत होते.

ती सासूसमोर उकिडवी बसली. तिने आवाज चढवला नाही, पण त्या शांततेत मला टोकापर्यंत ऐकू आलं.

"आये, तू कोणावर रडलीस?"

म्हातारीचं डुलणं थांबलं. ती सुनेकडे बघत राहिली. मग कबरीच्या काळ्या दाराकडे. मला तेव्हा उमजलं की तिच्यापुढे आता दोनच मुलगे होते आणि त्यातला एकच तिला ठेवता येणार होता. जो हातात होता तो किंवा ज्याचं जेवण ती रोज झाकून ठेवत होती तो. मी छातीवर क्रूसाची खूण केली. मला तिचा राग आला, सांगते खरं, की बाई एवढा वेळ कसला घेतेस, तो आत गार पडतोय. आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

ती उठली. कुणाचा हात धरला नाही. कबरीपाशी गेली, दारात वाकली, आणि थोरल्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, हाक मारताना घेतात तसं नाही. मग म्हणाली,

"तो मेला. मी त्याच्यावर रडले. तू ऊठ."

मग तिने ते नाव घेऊन गळा काढला, रीतीप्रमाणे, चार माणसांना ऐकू जाईल असा. मागे सरकलेल्या बायका एकेक करून तिच्याजवळ आल्या आणि तेच नाव घेऊन रडू लागल्या. आत पेंढा वाजला. पोरगा भिंतीला धरून उभा राहिला आणि शीड अंगावरून तिथेच टाकून, डोळे मिचकावत उजेडात आला. हात वर करायचं त्याला आठवलंही नाही. मैदानातली माणसं, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, धडाधड गुडघ्यांवर बसली. मास्तरांना काही कळलं नाही, त्यांनी आपली घंटा बडवली आणि मुलींनी पुनरुत्थानाचं गाणं सुरू केलं.

पोराने आईच्या खांद्याला हात लावला. तिने तो हात चाचपून पाहिला, गरम आहे की नाही ते, आणि सोडला. मग ती सुनेकडे वळली. मागे मुली टिपेच्या आवाजात तो उठला, तो उठला म्हणून गात होत्या, म्हणून तिला सुनेच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. मी शेजारीच होते.

"तू जा आता, पोरी," ती म्हणाली. "तो नाय यायचा."